चुलीचा घास

आवडाबाईच्या पदराला कायम एक गाठ असायची. लोकांना वाटायचं, बाईनं चिल्लर बांधली असल. चिल्लर कुठली आलीय, पीठ असायचं. मळलेलं पीठ, बोराएवढ्या गोळ्या.

ती फुलंब्रीकडच्या खेड्यातली. तिच्या माहेरी, आणि सासरीबी, पहिली भाकर थापायच्या आधी पिठाची चिमूट मोडून चुलीत टाकायची रीत. चुलीचा घास म्हणायचे त्याला. आधी ती खाईल, मग माणसं. सासू तर इतकी कडक, की घास न टाकता थापलेली भाकर सरळ कुत्र्याला घालायची आणि सुनेला पुन्हा पीठ मळायला बसवायची. सासू मेली, चूल गेली, गाव सुटलं. नवरा रामकिसन वाळूजला कारखान्यात लागला होता, तो कारखाना बंद पडला, आता तो शहरात, गारखेड्यातल्या एका इमारतीच्या गेटावर खुर्ची टाकून बसतो. आवडाबाई तिथल्याच तीन घरी स्वैपाक करती. एवढं सगळं सुटलं, पण हाताची ती चिमूट काही सुटली नाय.

तीन घरं आणि तिन्ही घरी तीन तऱ्हेच्या चुली.

पहिलं घर सोनियाताईचं. नवराबायको दोघं नोकरीवाले. नवरा इंद्रजीत वाळूजला पहिल्या पाळीला जातो, म्हणून दिवस उगवायच्या आत डबा लागतो. तिथं इंडक्शन. काळी काच, खाली बटनं. जाळ नाय, धूर नाय, काही नाय, आणि पाणी मात्र बघता बघता उकळतं. पहिल्या दिवशी आवडाबाईनं त्यावर जर्मनचं पातेलं ठेवलं तर ते टीं टीं करत बोंबलायला लागलं.

"मावशी, त्याला हे भांडं नाही चालत," सोनिया म्हणाली. तिनं फ्रिजवरचं लोहचुंबक काढून हातात दिलं. "हे ज्या भांड्याच्या बुडाला चिकटेल, तेच ठेवायचं."

"आता चुलीच्या बी आवडीनिवडी सांभाळायच्या का वं ताई?"

पण वाईट नव्हतं ते. सांगितलं तेवढंच तापायचं, बंद केलं की गपकन गप. भांडं उचललं की रुसायचं, ठेवलं की पुन्हा कामाला लागायचं. फक्त त्याला तोंड नव्हतं. घास टाकायचा कुठं? तिनं एकदा चिमूट काचेवर ठेवून पाहिली. ती बसली तिथंच, ना भाजली ना जळली. सोनियानं फडक्यानं पुसून काढली. तेव्हापासून त्या घरचा घास पदराच्या गाठीत जायला लागला.

दुसरं घर बद्रीनाथनानांचं. नाना सरकारी खात्यातून रिटायर झालेले, एकटे. गॅसचा त्यांना धसका. कधीकाळी त्यांच्या गल्लीत सिलिंडर फुटलं होतं, ते त्यांनी डोळ्यानं बघितलं होतं. म्हणून त्यांच्याकडं विजेची शेगडी, तारेच्या वेटोळ्याची. ती तापायला लई वेळ घ्यायची आणि एकदा तापली की बंद करूनही निवायची नाय. दूध खाली उतरवलं नाय तर बटन बंद असतानाबी उतू जायचं.

"तुमच्यासारखीच हाय ना ही," आवडाबाई म्हणायची. "राग यायला टाइम, जायला बी टाइम."

"आवडे, माझा राग काढायला तू आहेस. शेगडीला काही बोलू नको, ती माझ्या बापासारखी इमानदार आहे."

"बाप लाइट गेल्यावर कुठं जातो मग?"

नाना हसायचे. त्या वेटोळ्यावर तिनं घास टाकून पाहिला होता. तो तारेला चिकटला, खोलीभर धूर झाला, नाना खोकत खोकत बाहेर आले आणि म्हणाले, माझ्या शेगडीला काहीही चारायचं नाही. मग तिथलाही घास गाठीत.

तिसरं घर शाइस्ता मॅडमचं. त्या शाळेत शिकवायच्या, दुपारची शाळा. घरात त्या, आणि त्यांची सासू रईसाखाला. नवरा आखाती देशात. खालांचे पाय गेलेले, दिवसभर स्वैपाकघराच्या भिंतीपलीकडं खाटेवर. ह्या घरी गॅस होता. खरा जाळ, निळा, हलणारा. इथं तवा आपल्या जुन्या वळणाचा, मध्ये खोलगट. इथं भाकर तव्यावरून काढून जाळावर धरली की टम्म फुगायची, पापुद्रा सुटायचा, आणि खाला पलीकडून ओरडायच्या, "आवडा, पैली मेरेकु!"

इथं चुलीला तोंड होतं. म्हणून आवडाबाई इथं गाठ सोडायची. सोनियाच्या घरचा घास, नानांच्या घरचा घास आणि ह्या घरचा, तिन्ही एकापाठोपाठ बर्नरच्या मधल्या भोकात. मग पदर झटकायची आणि थापायला बसायची. शाइस्ता मॅडमनी एकदोनदा बघितलं होतं. काही बोलल्या नव्हत्या. ज्याची त्याची रीत.

हे असं वरवर नीट चाललं होतं. आतली गोष्ट आवडाबाईनं कोणालाच सांगितली नव्हती.

तिला वास येत नव्हता.

कोरोनात ती तापानं पडली आणि उठली तेव्हा नाक गेलेलं. बाकीच्यांचं आलं परत. रामकिसनचं आलं, नानांचं आलं, तिचं काही आलं नाय. दवाखान्यातल्या डॉक्टरनं सांगितलं, येईल हळूहळू. ती हळूहळू वाट बघत राहिली. फोडणी करपली का ते ती आता कानानं ओळखायची, मोहरीचा आवाज बदलायचा. कांदा डोळ्यानं बघायचा. भाजी नासली का ते बोटानं चाचपायचं. पण असं कामाला डोळे-कान जुंपून जुंपून ती दमून जायची. आधी स्वैपाक म्हणजे हाताचं काम होतं, डोकं आपलं भलतीकडं फिरून यायचं. आता डोकं तिथंच बांधून ठेवावं लागायचं. घरी जाऊन ती भिंतीला टेकली की रामकिसन विचारायचा, "एवढं काय दगड फोडून आली का?"

"व्हय. फोडले."

कोणाला सांगायचं? स्वैपाकाच्या बाईला नाक नाय म्हटल्यावर कोण ठेवून घेणार? सोनिया म्हणेल, मावशी, वाईट वाटून घेऊ नका. नाना चार दिवस हळहळतील. शाइस्ता मॅडम तर घरी पाय गेलेली सासू ठेवून जातात. त्या तर एक दिवस ठेवणार नायत.

तर त्या दिवशी असं झालं. शाइस्ता मॅडम न्हाणीत होत्या. आवडाबाईनं बारीक जाळावर डाळ ठेवली आणि पाठ करून पीठ मळायला बसली. गेल्या काही दिवसांपासून तो बर्नर एका बाजूनं फुरफुरत होता, दुसऱ्या बाजूला जाळच धरत नव्हता. तिला वाटलं, सिलिंडर संपत आलं असल.

भिंतीपलीकडून खाला बोलल्या, "आवडा, गॅस की बास आरी क्या गे?"

"नाय वं खाला. कुठं?" तिनं मळता मळताच सांगितलं.

"आरी बोलतूँ ना मैं."

"बाहेरून येत असल. कचऱ्याची गाडी आली असल."

मळून झालं, मागं वळून बघती तर जाळ विझलेला. बटन चालूच. तिनं बटन फिरवून बघितलं, ओट्यावरचा लाइटर उचलला आणि बर्नरजवळ नेला.

तेवढ्यात ओल्या केसांनिशी शाइस्ता मॅडम आत आल्या आणि त्यांनी तिच्या हातावर असा फटका मारला की लाइटर जाऊन भांड्यांच्या रॅकवर आपटला. मग बटन बंद केलं, खाली वाकून सिलिंडर बंद केलं, खिडकी उघडली, मागचं दार उघडलं. सगळं करून झाल्यावर त्या ओट्याला धरून उभ्या राहिल्या.

"आवडाबाई, अख्खं घर भरलंय वासानं! तुम्हाला आला नाही?"

खाला तिकडून ओरडत होत्या, "मैं बोली थी! मैं बोली थी इसकु!"

"सर्दी झालीय मॅडम," आवडाबाई म्हणाली. "नाक चोंदलंय."

त्याच दुपारी शहागंजमधून इब्राहीमभाई आला. गॅसच्या शेगड्या दुरुस्त करणारा, खांद्याला पिशवी, तोंडात सुपारी. शाइस्ता मॅडमनी शाळेला रजा टाकली होती. आवडाबाई घरी गेलीच नव्हती, जायचं सुचलंच नव्हतं तिला. इब्राहीमभाईनं बर्नर काढला, जुन्या पेपरवर उलटा धरला आणि स्क्रूड्रायव्हरच्या मुठीनं ठोकला. आतून काळ्या गोळ्या पडल्या. आणखी ठोकला, आणखी पडल्या. काही राख झालेल्या, काही दगडासारख्या. खाली नळीतूनही निघाल्या.

त्यानं एक उचलून बोटात फोडली. "ये क्या है? बकरी पाली क्या घर में?"

आवडाबाई पदराच्या गाठीकडं बघत राहिली.

"पीठ हाय ते. घास."

"किसका घास?"

"चुलीचा."

इब्राहीमभाईनं तिच्याकडं बघितलं, मग मॅडमकडं, मग पुन्हा पेपरकडं. "मौसी, इसकु गॅस पिलाते. रोटी नक्को खिलाव. पेट बंद हो गया बेचारे का."

शाइस्ता मॅडम हसायला लागल्या. आधी थोडं, मग इतकं की डोळ्यात पाणी आलं आणि त्यांना खुर्ची घ्यावी लागली. भेदरलेलं माणूस हसतं तसं ते हसणं होतं. आवडाबाईला हसू आलं नाय, पण जिवात जीव आला. सगळं घासावर निघालं. घास टाकायचा बंद केला की झालं. नाकाचं कोणी काढलं नाय.

"आवडाबाई, घास टाकायचाच असेल तर खिडकीत टाका. चिमण्या खातील," ती घरी निघाली तेव्हा मॅडम म्हणाल्या. "आणि सर्दीचं औषध घ्या."

घरी गेल्यावर तिनं रामकिसनला सगळं सांगितलं. तो तंबाखू मळत ऐकत होता.

"मग मिटलं की," तो म्हणाला.

"कुठं मिटलं? बर्नर साफ झाला. माझं नाक साफ झालं का?"

"तू नको काढू तो विषय. काढला तर तिन्ही घरं जातील. ते एकमेकांना सांगत्यात सगळं."

"आणि उद्या परत जाळ विझला तर? वाऱ्यानं विझतो, उतू जाऊन विझतो. घासच पाहिजे असं थोडंय?"

रामकिसननं तंबाखू ओठाखाली सोडली. त्याचं नाक चांगलं होतं, लांबलचक, पण ते तंबाखूपुरतंच कामाला यायचं. "ध्यान ठेवायचं," तो म्हणाला.

ध्यान. आवडाबाईनं पाय लांब केले. टाचा तडकलेल्या, त्यांच्यात पीठ बसलेलं. ध्यान ठेवू ठेवूच तर ती अशी झाली होती. आणखी कुठून आणायचं?

दुसऱ्या दिवशी तिनं सोनियाचा डबा केला, नानांची भाजी केली, सवयीनं दोन्हीकडची चिमूट गाठीत बांधली आणि शाइस्ता मॅडमकडं आली. मॅडम शाळेला निघालेल्याच होत्या, आदल्या दिवशीच्या रजेमुळं त्यांना आज लवकर जायचं होतं. "डाळ भिजवलीय, भाकरी तीनचारच करा," असं सांगून त्या गेल्या. खालून गाडी सुरू झाल्याचा आवाज आला.

घरात ती आणि खाला.

तिनं तवा ठेवला. लाइटर घेतला. दुसरा हात बटनावर ठेवला. आणि तशीच उभी राहिली. भिंतीपलीकडं खालांच्या तस्बीचे मणी टक टक वाजत होते. आवडाबाईच्या डोक्यात एकच येत होतं, की ही म्हातारी पळू शकत नाय. आपण तरी पळू, पडत झडत जिन्यातनं खाली जाऊ. ही खाटेवरून उतरूबी शकत नाय.

तिनं लाइटर खाली ठेवला. पीठ मळायला घेतलं, तेही अर्ध्यावर सोडलं.

तस्बी थांबली. "क्या हुवा गे? चूल्हे की आवाज नै आई."

आवडाबाई हात पुशीत खाटेजवळ गेली आणि खाली बसली. गुडघे वाजले.

"खाला, मला वास येत नाय."

"सर्दी है ना तेरेकु."

"सर्दी नाय. कोरोनापासून नाक गेलंय. कालबी आला नाय, कधीच येत नाय. तुमी काल सांगत होता, आन मी तुमाला खोटं पाडलं."

तिला वाटलं, आता खाला छाती बडवतील. खालांनी चष्मा काढला, ओढणीनं पुसला, परत लावला.

"वो तो मेरेकु मालूम था," त्या म्हणाल्या.

"काय?"

"ईद के पैले दूध जला था. पूरे घर में धुवाँ, मैं इधर खाँस खाँस के मरी. और तू वहाँ खड़ी होके गाना गारी थी. मैं समझ गई, इसकी नाक गई. मेरे जैसी."

"तुमचं नाक?"

"मेरे पाँव गे! नाक तो मेरी कुत्ते जैसी है. पूरी बिल्डिंग में किसके घर मछली पकी, यहाँ से बोलतूँ."

"मग बोल्ला का नाय तुमी?"

"बोल के क्या करती? तेरेकु निकालते, फिर कोई दूसरी आती. उसकी भाकर चमड़े जैसी होती." खालांनी तस्बी उशाला ठेवली. "पर कल डर लगा मेरेकु. सच्ची बोलरी. कल बहोत डर लगा. शाइस्ता कु बोल दे तू. मैं नै बोलती, चुगली हो जाती. तू बोल."

"काढतील मला."

"निकालेंगे तो निकालेंगे."

त्या दिवशी खालांनी दुपारी दूधब्रेड खाल्ला. आवडाबाई त्यांच्या खाटेला टेकून मॅडम यायची वाट बघत बसली. बसल्या बसल्या तिचा डोळा लागला. इतकं गाढ ती किती दिवसांत झोपली नव्हती.

शाइस्ता मॅडम संध्याकाळी आल्या, हातात वह्यांचा गठ्ठा. आवडाबाईनं त्यांना दारातच सांगितलं, एका दमात. मॅडमनी गठ्ठा खाली ठेवला. त्या ओरडल्या नाहीत. ओरडल्या असत्या तर बरं झालं असतं.

"इतके दिवस?" त्या म्हणाल्या. "मी अम्मीला तुमच्या भरवशावर सोडून जाते, आवडाबाई."

"व्हय."

"आधी सांगायचं होतं."

"व्हय."

"आता मला काही सुचत नाहीये. तुम्ही जा घरी. मी कळवते."

आवडाबाई गेली. दोन घरं करत राहिली. नानांना तिनं आपण होऊन सांगितलं, कारण एकदा सांगितल्यावर पुन्हा सांगायला तेवढं जड गेलं नाय. नाना म्हणाले, "माझ्या शेगडीला वासच नाही, तुला नाक कशाला लागतंय? दूध तेवढं बघ." सोनियानं तिच्यापुढं मोबाइलवर नाकाच्या व्यायामाचा व्हिडिओ लावला. लवंग हुंगायची, लिंबू हुंगायचं, रोज. आवडाबाईनं लवंग हुंगली, काही आलं नाय, मग ती लवंग तिनं भातात टाकली. दोन्ही घरं गेली नाहीत. रामकिसन म्हणाला, "मी म्हणतच होतो." त्यानं असलं काही म्हटलं नव्हतं, पण भांडायलाबी जोर लागतो.

शाइस्ता मॅडमचा फोन आठवडा सरता सरता आला. "या उद्यापासून."

ती गेली. ओट्यावर सोनियाकडच्यासारखीच काळी काच. नवाकोरा सपाट तवा. गॅसची शेगडी तिथंच होती, पण तिच्यावर ताट पालथं घातलेलं, आणि खाली सिलिंडर बंद.

"गॅस मी घरात असेन तेव्हाच, आणि मीच लावणार," मॅडम म्हणाल्या. "तुम्ही हात लावायचा नाही. लाइट गेली तर अम्मीला दूध द्यायचं, स्वैपाक राहू द्या. मान्य आहे?"

"हाय मान्य."

मॅडमचा आवाज अजून पहिल्यासारखा झाला नव्हता. होईल तेव्हा होईल. त्यांनी आणखी एक केलं होतं. खालांसाठी चाकांची खुर्ची आणली होती, आणि जाताना ती ढकलत स्वैपाकघराच्या दारात आणून लावली. खाला त्यात पसरून बसल्या, ओढणी सावरत, लग्नात वरमाय बसते तशा.

आवडाबाईनं जुना तवा एकदा काचेवर ठेवून पाहिला. तो खोलगट, बुडावर डुलायला लागला, आणि काच टीं टीं करायला लागली. तिनं तो उचलून मांडणीवर मागं ठेवला. नव्या तव्यावर पहिली भाकर टाकली. पाणी फिरवलं, पलटली, फडक्यानं दाबत दाबत फुगवायला बघितली. एका कडेनं जरा फुगली, दुसरीकडनं बसली.

खालांनी तुकडा मोडला. "ये भाकर है के रुमाल?"

"जाळ नाय तर मी काय करू?"

"सीख. तू सीखे तक नै मरती मैं."

तिनं दुसरी थापली, तिसरी थापली. तिसरी बरी झाली. हात दुखत होते, जाळावर जे आपोआप व्हायचं ते आता मनगटानं करावं लागत होतं. शेवटी परातीत तळाला थोडं पीठ उरलं. तेव्हा तिला गाठीची आठवण झाली. तिनं गाठ सोडली. सोनियाकडची गोळी, नानांकडची गोळी, वरून वाळलेल्या. ती काचेकडं बघत राहिली. मग ताट पालथं घातलेल्या गॅसकडं. मग खिडकीकडं. खिडकीत चिमणी नव्हती, समोरच्यांचे धुतलेले कपडे होते.

तिनं दोन्ही गोळ्या पाण्याचा हात लावून मऊ केल्या, परातीतल्या पिठात मिसळल्या आणि त्या सगळ्याची तळहाताएवढी चानकी थापली, लेकरांना करून देतात तसली. तव्यावर टाकली.

"वो किसकी?" खालांनी विचारलं.

"माझी."

ह्या घरात ती कधी जेवली नव्हती. घरी जाऊन खायची, गार झालेलं, उभ्यानं. तिनं पाट ओढला आणि ओट्याखाली बसली. बुड टेकल्यावर पाठीतनं एक कळ वर गेली आणि सुटली. ती भिंतीला डोकं टेकून बसली. काच अगदी बारीक घूं घूं करत होती. डोळे आपोआप मिटले.

"आवडा," दारातनं खाला म्हणाल्या. "पलट. जलरी."

ती उठली आणि तिनं पलटली.